विश्लेषण : टाळे कोणी लावले, भांडण कोणाचे? ‘आयएसएल’चा तिढा कोल्हापूरच्या पेठांतून पाहताना

इंडियन सुपर लीग अर्थात ‘आयएसएल’ १४ फेब्रुवारीला सुरू होणार, अशी घोषणा केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी मंगळवारी, ६ जानेवारीला केली. सर्व १४ क्लब खेळणार, एकूण ९१ सामने होणार. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी ही लीग जुलैपासून अधांतरी होती. या सहा महिन्यांत फुटबॉलच्या चाहत्याने गोल मोजले नाहीत. सर्वोच्च न्यायालयातील पुढची तारीख कोणती, निविदेला बोली आली का, कोणत्या क्लबने पगार थांबवला, हेच तो मोबाइलवर शोधत राहिला. कोल्हापुरात तर हे अधिकच जाणवले. ज्या शहरात तालमींच्या संघांसाठी पेठा विभागल्या जातात, तिथे ‘मास्टर राइट्स अ‍ॅग्रीमेंट’ हा शब्द कट्ट्यावरच्या गप्पांत आला, हीच खरे तर चिंतेची गोष्ट.

हे सारे घडले कसे, जगात असे झाले तेव्हा चाहत्यांच्या हाती काय लागले, आणि आपल्याकडच्या भांडणात खेळाडू नेमका कुठे उभा होता?

लीग थांबली कशी?

मूळ २०१० मध्ये आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) त्या वर्षी आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांच्या कराराने आयएमजी-रिलायन्सला दिले. पुढे त्यातूनच फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड (एफएसडीएल) ही कंपनी आयएसएल चालवू लागली आणि २०१४ मध्ये पहिला हंगाम झाला. हा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार, हे सर्वांना १५ वर्षे आधीपासून माहीत होते. म्हणजे २०२५-२६ चा हंगाम सप्टेंबरात सुरू झाला असता, तर तो अर्ध्यावर असतानाच चालकाचा हक्क संपला असता.

नवा करार वेळेत व्हायला हवा होता. पण एआयएफएफच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नवे करारमदार करू नयेत, असे न्यायालयाने महासंघाला बजावले होते. अखेर ११ जुलैला एफएसडीएलने महासंघ आणि क्लबांना पत्र लिहून हंगाम स्थगित ठेवत असल्याचे कळवले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंगळूरु एफसीने मुख्य संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. ओडिशाने करार स्थगित केले, चेन्नईयनने संघाचे कामकाज थांबवले. कोलकात्याच्या मोहन बागाननेही नोव्हेंबरात सराव बंद केला.

न्यायालयाचा निकाल १९ सप्टेंबरला आला. महासंघाच्या घटनेचा मार्ग मोकळा झाला, खुल्या निविदेचा आदेशही आधीच झाला होता. १६ ऑक्टोबरला निविदा निघाली. नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा आलेल्या बोलींची संख्या शून्य होती.

एकही बोली का आली नाही?

निविदेत महासंघाला दरवर्षी किमान ३७.५ कोटी रुपये किंवा एकूण उत्पन्नाच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती द्यावी, अशी अट होती. मुदत पुन्हा १५ वर्षांची. आता जरा हिशेब मांडू. ३७.५ कोटी हे ७५० कोटींचे पाच टक्के होतात. म्हणजे लीगचे वार्षिक उत्पन्न ७५० कोटींच्या पुढे जाईपर्यंत चालकाला प्रत्यक्षात पाच टक्क्यांहून अधिकच द्यावे लागणार. उत्पन्न १५० कोटी असेल, तर हा वाटा थेट २५ टक्के होतो. भारतीय क्लब फुटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांना काय भाव मिळतो, हे ठाऊक असलेला कोणीही उद्योजक हा आकडा वाचून कागद मिटून ठेवणार.

पैशांइतकाच अधिकाराचा प्रश्न होता. तोटा सोसायचा चालकाने आणि क्लबांनी, पण निर्णयात महासंघाचा शब्द मोठा, अशी क्लबांची तक्रार होती. लीगची मालकी क्लबांकडेच असावी, जशी इंग्लंडच्या प्रीमियर लीगची आहे, ही मागणी त्यातूनच पुढे आली. महासंघाचीही एक बाजू आहे. वयोगटांच्या स्पर्धा, महिला लीग, राज्य संघटना आणि राष्ट्रीय संघ हे सारे त्याच हक्कांच्या पैशांवर चालते, आणि १५ वर्षांपूर्वी सर्वस्व एका कंपनीच्या हाती दिल्याची टीका महासंघ अजून ऐकतो आहे. तरीही जी निविदा कोणी उचलणारच नाही, ती काढून वेळ वाचत नाही, वाया जातो. हंगामाचे दोन महिने तिथे गेले.

गंमत अशी, की नेमक्या याच काळात, डिसेंबरच्या मध्यावर, लिओनेल मेस्सी भारतात येऊन गेला. मुंबईत वानखेडे स्टेडियम १४ डिसेंबरला भरले होते आणि त्याच मैदानावर सुनील छेत्री मेस्सीला भेटला. फुटबॉलसाठी या देशात पैसा नाही, असे म्हणणे त्यामुळे अवघड झाले. पैसा आहे. तो एका संध्याकाळसाठी आहे.

ही ‘टाळेबंदी’ म्हणायची का?

करोनाच्या काळात ‘टाळेबंदी’ हा शब्द आपण ‘लॉकडाऊन’साठी इतका वापरला, की त्याचा मूळ अर्थ मागे पडला. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर किंवा मुंबईच्या गिरणीत ज्यांच्या घरचे कोणी राबले, त्यांना तो वेगळा सांगायला नको. कामगार काम थांबवतो तो संप. मालक दाराला कुलूप लावतो ती टाळेबंदी. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तो संप होता. दोन्हींत एक गोष्ट समान असते. दोन पक्ष समोरासमोर असतात आणि एक पक्ष दुसऱ्याकडून काहीतरी मागत असतो.

खेळातील टाळेबंदीचे सर्वांत ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीत सापडते. कोल्हापुरात ‘हॉकी स्टेडियम’ म्हटले की जी हॉकी डोळ्यांसमोर येते ती ही नव्हे; ही बर्फावरची, कॅनडाची जीव की प्राण असलेली. तिथल्या नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) संघमालकांनी १९९४, २००४ आणि २०१२ मध्ये असे तीनदा कुलूप लावले.

२००४-०५ चा अख्खा हंगाम गेला. १६ फेब्रुवारी २००५ ला आयुक्त गॅरी बेटमन यांनी तो रद्द झाल्याचे जाहीर केले. उत्तर अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक लीगचा पूर्ण हंगाम कामगार-वादात बुडण्याची ती पहिलीच वेळ. मालकांना प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडूंच्या संघटनेला ती नको होती. शेवटी मर्यादा आली, ३.९ कोटी डॉलरची, आणि चालू करारांतील पगार २४ टक्क्यांनी कापले गेले.

२०१२ मध्ये वाद होता वाटणीचा. लीगच्या उत्पन्नातील ५७ टक्के खेळाडूंना जात होते, मालकांना ते ५० वर आणायचे होते. १५ सप्टेंबरला टाळे लागले. सरकारी मध्यस्थ स्कॉट बेकनबॉ दोन्ही बाजूंमध्ये येरझारा घालत राहिले आणि १६ तासांच्या अखेरच्या बैठकीनंतर ६ जानेवारी २०१३ च्या पहाटे तडजोड झाली. निम्मे-निम्मे ठरले. हंगाम ८२ ऐवजी प्रत्येकी ४८ सामन्यांचा झाला. तारखेचा योगायोग सोडा, पण जानेवारीत सुटलेला तिढा आणि कापलेला हंगाम हे चित्र आपल्याला आता ओळखीचे वाटेल.

फरक मात्र मुळातच आहे. तिथे कुलूप मालकांनी लावले, ते खेळाडूंवर लावले आणि खेळाडूंकडून काही मिळवण्यासाठी लावले. आपल्याकडे खेळाडूंकडून कोणी काही मागितलेच नव्हते. भांडण महासंघ, व्यापारी भागीदार आणि क्लब यांचे. कुलूप लागले ते चौथ्याच्या दाराला. म्हणूनच ‘आयएसएलमध्ये टाळेबंदी’ हे शब्द ऐकायला बरोबर वाटले, तरी खेळाडूंची स्थिती टाळेबंदीतल्या कामगारापेक्षा वाईट होती. टाळेबंदीतल्या कामगाराला निदान वाटाघाटीच्या मेजावर खुर्ची असते.

चाहते बातम्या वाचतात, त्याने काय होते?

एनएचएलच्या चाहत्यांनी २०१२ मध्ये हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता. अनेकांनी उत्पन्नाच्या टक्केवाऱ्या पाठ केल्या, प्रस्ताव-प्रतिप्रस्ताव ताडून पाहिले, कोण खोटे बोलते यावर वाद घातले. काहींनी पुढचे पाऊल टाकले. डिसेंबरात एक मोहीम निघाली : २१ डिसेंबरनंतर लीगचा जेवढा सामना रद्द होईल, तेवढा एक-एक सामना आम्हीही पाहणार नाही, तिकीट किंवा टी-शर्ट घेणार नाही. हजारोंनी तसे जाहीर केले. तडजोड त्या मोहिमेमुळे झाली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. हंगाम पूर्णच बुडण्याची वेळ जवळ येत होती, तो दबाव मोठा होता. आणि लीग परतल्यावर प्रेक्षकही परतले. २००५ मध्ये तर बर्फावरच चाहत्यांचे आभार मानणारी अक्षरे रंगवली होती. मालकांना हे पक्के माहीत असते, की खरा चाहता रुसतो पण जात नाही.

तरी चाहत्याच्या हातात एक गोष्ट तिथे होती आणि आपल्याकडे नाही. एनएचएलचे मोठे उत्पन्न तिकिटांतून येते. स्टेडियम रिकामे राहिले तर मालकाचा खिसा दुखतो. आयएसएलच्या गणितात दारावरचे उत्पन्न किरकोळ आहे. केरळ आणि कोलकाता सोडले तर बहुतेक ठिकाणी ते नगण्यच. त्यामुळे चाहत्याने बहिष्कार टाकला तरी कोणाचे अडत नाही. कोल्हापूरच्या चाहत्याचे तर त्याहून कमी, कारण त्याचा क्लबच नाही. २०१४ पासून बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. त्याची जागा हैदराबादला गेली, आणि गेल्या वर्षी हैदराबादचा क्लब दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. सात वर्षांत एका लीग-जागेचे तीन शहरांत स्थलांतर. आता कोल्हापूरकराला आयएसएलचा सामना प्रत्यक्ष पाहायचा, तर मुंबई गाठावी लागते किंवा घाट उतरून मडगावचे फातोर्डा.

बालेवाडीत २०१० मध्ये काय झाले होते?

आपल्या खेळाडूंनी कधीच मूठ आवळली नाही असे नाही. तेही याच राज्यात घडले. जानेवारी २०१० मध्ये भारतीय पुरुष हॉकी संघाचे विश्वचषकापूर्वीचे शिबिर पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात सुरू होते. थकलेले पैसे आणि कामगिरीवरचा मोबदला मिळाल्याशिवाय सराव करणार नाही, असे खेळाडूंनी जाहीर केले. कर्णधार राजपाल सिंग होता. हॉकी इंडियाने आधी तिजोरीत पैसे नसल्याचे सांगितले, मग ४८ तासांत सरावाला या, नाहीतर नवा संघ निवडू, असा इशारा दिला.

खेळाडू हलले नाहीत. देशभर बातमी झाली. राजकीय नेत्यांपासून सामान्य माणसांपर्यंत अनेकांनी मदतीची तयारी दाखवली, त्यामुळे संघटनेची अधिकच शोभा झाली. प्रायोजक सहाराने एक कोटी रुपये पुढे केले आणि काही दिवसांतच सराव पुन्हा सुरू झाला. दिल्लीत २८ फेब्रुवारीला विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात भारताने पाकिस्तानला ४-१ असे हरवले. (पुढे भारत आठवा आला, हेही नोंदवले पाहिजे. पैसे मिळाले म्हणून लगेच पदके येत नसतात.)

त्या संपाला यश का आले? कारण घड्याळ खेळाडूंच्या बाजूने होते. विश्वचषक भारतात होता, तारीख बदलता येणार नव्हती, पाहुणे येणार होते. अवघ्या दीड महिन्यात नवा संघ उभा करण्याची धमकी पोकळ आहे, हे दोन्ही बाजूंना कळत होते. वाटाघाटीत ज्याला थांबणे परवडते तो जिंकतो, आणि २०१० मध्ये हॉकी इंडियाला थांबणे परवडणारे नव्हते.

आयएसएलच्या तिढ्यात उलटे झाले. थांबण्याचा खर्च महासंघाला फारसा नव्हता, एफएसडीएलचा करार तसाही संपत होता, काही क्लबमालकांना तर न खेळलेला हंगाम खेळलेल्या हंगामापेक्षा स्वस्त होता! घाई फक्त खेळाडूला होती. व्यावसायिक फुटबॉलपटूच्या कारकिर्दीची चांगली वर्षे दहा-बारा असतात. त्यातले अर्धे वर्ष असेच गेले.

मग खेळाडूंच्या हातात काय होते?

एनएचएलच्या खेळाडूंकडे मालकांशी होणारा सामूहिक करार असतो. किमान वेतन, विमा, वाटणी, तंटा कुठे न्यायचा, सगळे त्यात लिहिलेले. गेल्या जुलैमध्ये तिथे नवा सामूहिक करार झाला, तोही जुना संपायच्या वर्षभर आधी आणि एकही सामना न बुडता. तीन टाळेबंदींनंतर आलेले शहाणपण आहे ते.

भारतीय फुटबॉलमध्ये असा सामूहिक करार नाही. खेळाडूंची संघटना आहे, पण प्रत्येक खेळाडू आपापल्या क्लबशी सुटा करार करतो आणि वाद झाला तर सुटाच लढतो. ‘फिफा’चा एक नियम त्याच्या बाजूने आहे : किमान दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो. परदेशी खेळाडूला याचा उपयोग होतो, तो दुसऱ्या देशात जातो. भारतीय खेळाडूने करार मोडून जायचे कुठे? लीगच बंद असताना दुसरा क्लब तरी कोणता घेणार? हक्क कागदावर आहे, दार नाही.

त्यामुळे खेळाडूंनी उरलेला मार्ग घेतला, लोकांसमोर बोलण्याचा. नोव्हेंबरात छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन आणि इतरांनी एकच निवेदन आपापल्या खात्यांवरून प्रसिद्ध केले. आम्हाला खेळायचे आहे, एवढाच त्याचा मथितार्थ होता. डिसेंबरात आशियाई स्पर्धेतील सामन्यात एफसी गोव्याच्या खेळाडूंनी फातोर्डावर सुरुवातीची शिट्टी झाल्यावर काही क्षण जागेवर उभे राहून निषेध नोंदवला. २ जानेवारीला खेळाडूंनी चित्रफीत काढून थेट ‘फिफा’ला हस्तक्षेपाची विनंती केली. चार दिवसांनी मंत्र्यांची घोषणा झाली.

या दोन घटनांचा संबंध किती, हे सांगणे कठीण. करार संपून महिना झाला होता, मंत्रालयात बैठका सुरू होत्या, आणि २६ डिसेंबरला मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या ‘सिटी फुटबॉल ग्रुप’ने मुंबई सिटी एफसीतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले होते. २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेऊन आलेला हा गट व्यापारी अनिश्चिततेचे कारण देऊन गेला. परदेशी भांडवल काढता पाय घेते तेव्हा दिल्लीत फायली लवकर हलतात, असा आपला एकंदर अनुभव आहे.

कोल्हापूरला याचे एवढे का वाटावे?

वरवर पाहता वाटू नये. कोल्हापूरचा फुटबॉल आयएसएलवर चालत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ, ऋणमुक्तेश्वर ही नावे आयएसएलपेक्षा कितीतरी जुन्या निष्ठांची आहेत. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसावेत, हे या शहराचेच वैशिष्ट्य. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) लीग, त्यानंतर अटल चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक अशा स्पर्धांची रांग. छत्रपती शाहू स्टेडियम भरते ते आपल्या पेठेच्या जर्सीसाठी. इथे कोणी १५ वर्षांच्या हक्कांची निविदा काढत नाही. मंडळाची वर्गणी, देणगीदार आणि स्पर्धेमागचा राजकीय पाठीराखा यांवर हंगाम निघतो. त्याचेही दुखणे आहेच. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवण्याची वेळ इथे एकदा नव्हे, अनेकदा आली आहे. कोल्हापुरात मैदानाला कुलूप लागते ते बहुधा प्रेक्षकांमुळे.

पण खेळाडूच्या घरातून पाहिले तर चित्र बदलते. पेठेच्या मैदानावर चमकलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या वडिलांना आज एक रस्ता दाखवता येतो. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तो २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे आयएसएलमध्ये जमशेदपूरकडून खेळला, २०२१-२२ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. निखिल कदमही इथूनच मोहन बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेडपर्यंत गेला. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली २०१८-१९ च्या भारतीय महिला लीगमध्ये खेळल्या. ही नावे घेऊनच इथले प्रशिक्षक पालकांना समजावतात, की फुटबॉल हा फक्त पेठेचा मान नाही, पोटापाण्याचाही मार्ग होऊ शकतो.

सहा महिन्यांच्या या तिढ्याने नेमका तोच युक्तिवाद दुबळा केला. देशातील सर्वांत वरच्या लीगमधल्या खेळाडूचा पगार एका पत्राने थांबतो, हे त्या वडिलांनीही मोबाइलवर वाचले आहे. पोलीस, रेल्वे किंवा बँकेच्या कोट्यातली नोकरी मिळाली तर बघ, हा जुना सल्ला पुन्हा दिला जाईल, आणि तो चुकीचा आहे असे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हैदराबादच्याच क्लबमध्ये विजेतेपदानंतर दोन हंगामांत पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली. चषक उंचावणे आणि पगार वेळेवर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच दिसले होते.

आणखी एक धागा आहे. केएसएचे मालोजीराजे छत्रपती २०२२ च्या निवडणुकीत एआयएफएफच्या कार्यकारिणीवर गेले. म्हणजे ज्या समितीने हे निर्णय घेतले, तीत कोल्हापूरचा आवाज होता. तिथे खेळाडूंच्या पगाराचा, सामूहिक कराराचा विषय कोणी मांडला का, हे विचारण्याचा हक्क इथल्या चाहत्याला दिल्लीच्या चाहत्यापेक्षा जास्त आहे. वाटाघाटींच्या बातम्या नुसत्या वाचण्यापेक्षा हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगी.

आता १४ फेब्रुवारीपर्यंत काय पाहायचे?

हंगाम कापलेला आहे. गेल्या वेळी १३ संघ होते आणि प्रत्येकाला २४ साखळी सामने मिळाले, एकूण १५६. आता १४ संघ एकमेकांशी एकदाच खेळणार, म्हणजे प्रत्येकी १३. घरच्या मैदानावर कोणाला सहा, कोणाला सात, यावरूनही रुसवेफुगवे होतील. आशियाई स्पर्धांतील थेट प्रवेशासाठी क्लबांनी हंगामात किमान २४ सामने खेळावेत, अशी आशियाई महासंघाची अट असते; तीत सूट मिळाली नाही, तर विजेत्या संघाच्या हाती चषक येईल, पुढचा दरवाजा मात्र अरुंद होईल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पगार. कमी सामने, कमी उत्पन्न, मग करारातील रक्कम पूर्ण का द्यायची, असे क्लब म्हणणार हे उघड आहे. एनएचएलमध्ये २०१३ साली हंगाम ४८ सामन्यांचा झाला, तेव्हा पगारही त्या प्रमाणात मिळाले. पण तो हिशेब दोन्ही बाजूंनी एका कराराखाली, एकाच वेळी, सर्वांसाठी केला होता. आपल्याकडे तो १४ क्लबांच्या कार्यालयांत, बंद दाराआड, एकेका खेळाडूला समोर बसवून होईल. छेत्रीसारखा खेळाडू त्यात स्वतःचे पाहून घेईल. पहिल्याच करारावरचा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा ‘सही कर, नाहीतर घरी बस’ याला काय उत्तर देणार?

आणि ही व्यवस्था फक्त याच हंगामापुरती आहे. व्यापारी हक्क कोणाचे, लीगची मालकी क्लबांकडे जाणार की महासंघाकडे राहणार, ३७.५ कोटींची ती अट पुन्हा येणार का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ६ जानेवारीच्या घोषणेत नाही. मे महिन्यात कोल्हापूरचा हंगाम आटोपून पावसाळ्याची वाट पाहिली जात असेल, तेव्हा दिल्लीत हीच चर्चा पुन्हा पहिल्या पानावरून सुरू झालेली असेल. नवी निविदा निघते का आणि तिच्या मसुद्यात खेळाडूंच्या प्रतिनिधीसाठी एखादी खुर्ची ठेवली आहे का, हे तेव्हा पाहायचे.